भावाला कानात आवाज येतात, सोलापुरात कुठं दाखवू?

२० वर्षांचा भाऊ, दोन महिने कॉलेज बंद, शेजारचे आपल्याबद्दलच बोलायलेत म्हणून खिडक्या लावून बसतो आणि घरचे म्हणतात आधी देवऋषी बघू... अहो नका. आमच्या चुलतभावानं टीव्हीवर चादर टाकून ठेवलेली, त्यातनं कोणतरी बघतंय म्हणून. आम्ही हसलो आणि वर्ष घालवलं, चूकच ती. सायकोसिसमधे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असल्या आजारात, उपचाराविना जितके दिवस जातात तितकं पुढं सावरायला जड जातं, म्हणून तर मेलबर्नला १९९२ मधेच पहिल्या झटक्याच्या तरुण पेशंटसाठी वेगळी सेवा काढली, कमी डोसच्या गोळ्या, समुपदेशन, घरच्यांना समजावणं, परत शिक्षणाला लावणं, सगळं एकाच टीमकडं.

तुम्ही सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा, केसपेपरला रांग असते, सकाळीच गाठा. तो येतच नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आवाज खरे का खोटे यावर त्याच्याशी वाद घालू नका, 'झोप लागंना ना तुला, त्याचं दाखवू' म्हणा, आमचा तर तेवढ्यावरच तयार झाला. जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलला तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट कॅज्युल्टी. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद नाही करायची.