लहानपणापासून हवी असलेली सायकल तुम्हाला मोठेपणी मिळाली का? कशी शोधलीत?

मिळाली. आणि कानामुळे मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्हाला जुनी इंग्लिश रॅले हवी आहे आणि दोनदा फसलात. मी एकदाच फसलो, पण पुरेसा फसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिरजेला आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत एक मास्तर राहायचे. त्यांची हिरवी रॅले, थ्री-स्पीड. हँडलला उजवीकडे बोटाने ओढायचा खटका. रात्री मास्तर बोळात शिरले की आधी टिक्‌टिक्‌टिक्‌ आवाज यायचा. आई म्हणायची, "मास्तर आले, दिवा घालवा आता." रविवारी सायकल पुसायचा मान आम्हा पोरांना होता. रॉकेलच्या फडक्याने रिमा इतक्या घासायचो की त्यात तोंड दिसावं. चालवायला मागितली की एकच उत्तर, "उंची वाढू दे." उंची वाढली तोवर मास्तर मुलाकडे नागपूरला गेले होते. सायकलचं काय झालं, कळलं नाही.

नोकरी लागल्यावर शोध सुरू केला. 2009 मध्ये पुण्याच्या जुन्या बाजारात एक रॅले दिसली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेबाची आहे, बेचाळीस सालची." साडेचार हजार मोजले. घरी आणून रॉकेलने धुतली तर पुढचा बगळ्याचा बिल्ला तेवढा रॅलेचा, आणि तोही नवा ठोकलेला. बाकी सगळी आपली नेहमीची काळी सायकल, साधं फ्रीव्हील. म्हणजे साडेचार हजारांचा बिल्ला. सायकल वाईट नव्हती, दूधवाल्याने अजून दहा वर्षं वापरली.

तेव्हा रंग आणि बिल्ला बघूच नका, दोन्ही कुठेही मिळतात. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा बघा, तिन्ही गिअर त्यातच असतात. नेहमीपेक्षा जाड, पिंपासारखा असतो. चिंधीने पुसलात की त्यावर स्टर्मी-आर्चर हे हब बनवणाऱ्या कंपनीचं नाव, ए डब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं आणि बनवल्याचं साल नि महिना ठोकलेला दिसतो. सालाचे शेवटचे दोनच आकडे असतात. अर्थात चाक दुसऱ्या सायकलचंही असू शकतं, म्हणून पायडलपाशी मोठं चक्र बघा. बऱ्याच रॅलेंना त्यात बगळे कापलेले असतात आणि ते खोटे करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. आणि आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली मिळाली तर नाक मुरडू नका. नॉटिंगहॅमच्या, म्हणजे रॅलेच्या मूळ इंग्लिश कारखान्याच्या हट्टापायी मी अशा दोन चांगल्या सायकली सोडल्या, अजून हळहळतो.

आता सापडली ती गोष्ट. 2021 च्या फेब्रुवारीत नरसोबावाडीला दर्शन करून कुरुंदवाडकडे निघालो होतो. चहाला थांबलो. एक पोरगा पिठाचं पोतं कॅरिअरवर टाकून, उभ्याने पायडल मारत गेला, आणि मागून टिक्‌टिक्‌टिक्‌. कप तसाच ठेवून त्याच्या मागे गेलो. बायकोला वाटलं, ओळखीचं कोणी दिसलं.

सायकल गिरणीवाल्या अण्णांची. रंग उडालेला, चेनकव्हर गायब, सीटला गोणपाट. विकता का विचारलं तर म्हणाले, "पावणं, घेऊन काय करताय? लई जड हाय. पोराचं गुडघं गेलं." मी खाली वाकलो. हँडलला गिअरचा खटका होता, पण तिथून हबपर्यंत जाणारी तार नव्हती. म्हणजे ती कितीतरी वर्षं कायम तिसऱ्या गिअरमध्ये चालत होती! या हबची तार तुटली की आतली स्प्रिंग त्याला तिसऱ्यात ढकलते. दुसरा गिअर सरळ, साध्या सायकलसारखा. पहिल्यात चाक त्याच्या पाऊणपट फिरतं आणि तिसऱ्यात तिसऱ्या हिश्शाने जास्त. पन्नास किलोचं पोतं घेऊन तिसऱ्यात चढ चढायचा, गुडघे जाणारच. हबवर आकडा 58.

पैसे नकोत म्हणाले अण्णा, "पोराला हलकी सायकल द्या, झालं." त्याच संध्याकाळी जयसिंगपूरला नवी सायकल घेतली, ती गिरणीत नेऊन दिली आणि ही टेम्पोत घातली. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही.

दुरुस्ती वाटली त्यापेक्षा सोपी गेली. टायर 28 × 1½, आपल्या कुठल्याही गावात मिळतं. अडलं ते हबमधून बाहेर येणाऱ्या, तार जिला जोडतात त्या बोटभर साखळीपाशी. स्टर्मी-आर्चर आता तैवानी मालकीची आहे आणि ही साखळी अजून बनवते. भाचा लीड्सहून येताना घेऊन आला. तार जोडताना दोन नंबरला टाकून उजव्या नटाच्या भोकातून बघायचं, आतल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी नेमका आला पाहिजे. मी घाईत पाव सूत इकडेतिकडे ठेवलं. दोन आणि तीनच्या मध्ये पायडल मोकळं सुटलं आणि मी नळीवर आपटलो. पुढचं सांगत नाही.

हबला एक चिमुकलं झाकण असतं, त्यातून तेल सोडायचं. ग्रीस अजिबात नको, आतले खटके चिकटतात. आमचा दुकानवाला ओव्हरहॉलला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतो, या हबपुरता तोच शब्द बरोबर आहे. शिलाई मशीनचं पातळ तेल चार-पाच थेंब सोडलं, चाक फिरवलं, पुन्हा सोडलं.

आणि टिकटिक जवळजवळ बंद झाली. आता कान देऊन ऐकावी लागते. बोळाच्या तोंडापासून आमच्या अंथरुणापर्यंत यायचा तेवढा आवाज हा हब कोरडा ठणठणीत असल्याशिवाय करतच नाही. म्हणजे रिमेवर बोटाचा ठसा दिसला तर ओरडणाऱ्या मास्तरांनी हबला तेल कधीच घातलं नसणार.