वर्ष उलटून गेलं, आता ग्रीन कार्डाचं काय?

प्रश्न : माझं वय ७३. डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवत होते, निवृत्त झाले. यजमान नाहीत. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, अमेरिकन नागरिक आहे. त्याने अर्ज केल्यामुळे २०२१ मध्ये मला ग्रीन कार्ड मिळालं. गेल्या वर्षी जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला आले, तेव्हा एप्रिलचं परतीचं तिकीट हातात होतं. मार्चमध्ये बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑगस्टपर्यंत काठी घेऊन चालू लागले. सप्टेंबरचं तिकीट काढलं, पण तेवढ्यात आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट मार्गी लागलं. करारावर सह्या, घर रिकामं करणं, भाड्याची जागा शोधणं, यात डिसेंबर उजाडला. आता वर्षावर तीन महिने झाले. मुलगा म्हणतो, काहीही करून कार्ड वाचवायचं. जाऊबाई म्हणतात, अबू धाबीमार्गे जा, तिथे कोणी विचारत नाही. तिकीट काढून देणारे गृहस्थ म्हणतात, नवा पासपोर्ट काढा, जुने शिक्केच दिसणार नाहीत. एक शेजारी म्हणतात, कार्ड परत करून व्हिजिटर व्हिसा घ्या. परत केलं की दार कायमचं बंद होतं का? खरं सांगू का, तीन-चार महिन्यांवर मला तिकडे करमत नाही. गाडी येत नाही, दिवसभर घरात एकटी.

उत्तर : बाई, आधी फुकटचे सल्ले निकालात काढू, कारण त्यातले दोन तुम्हाला चांगलेच महागात पडतील.

नवा पासपोर्ट काढल्याने काहीही लपत नाही. विमान कंपन्या प्रवाशांची माहिती अमेरिकन सरकारला कळवतात. तुम्ही कोणत्या तारखेला अमेरिका सोडलीत, हे अधिकाऱ्याला तुमचा पासपोर्ट न उघडताही दिसतं. आणि तारीख लपवण्यासाठी खोटं बोललात, तर ती इमिग्रेशनमधली फसवणूक ठरते. तिची शिक्षा म्हणजे कायमची प्रवेशबंदी, अगदी व्हिजिटर व्हिसासुद्धा अडतो. आज तुमच्या गाठीला फक्त उशीर आहे. त्यात लबाडीची भर घालू नका.

अबू धाबीचं तर नेमकं उलटं आहे. तिथल्या विमानतळावर अमेरिकेचं इमिग्रेशन बसतं, म्हणजे सगळी तपासणी विमानात चढायच्या आधीच होते. डब्लिनलाही तसंच. न्यूअर्कला उतरलेल्या ग्रीन कार्डधारकाला ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर उभं करा’ असं म्हणायचा हक्क आहे, कारण तो अमेरिकेच्या दारात पोचलेला असतो. अबू धाबीत तुम्ही परमुलखात असता. अधिकाऱ्याने नाही म्हटलं की विमान तुमच्याशिवाय उडतं. जाऊबाईंचा हेतू चांगलाच असेल, पण कागद नाजूक असताना मुद्दाम त्या वाटेने जायला मी कोणालाही सांगणार नाही.

आता मूळ प्रश्न. वर्ष उलटलं म्हणून कार्ड गेलं का? इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक, कार्डाचा प्रवासाचा कागद म्हणून उपयोग. दुसरी, तुमचा कायम रहिवाशाचा दर्जा. सलग एक वर्षापेक्षा कमी काळ बाहेर असाल, तरच नुसतं कार्ड दाखवून परत जाता येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिट काढावं लागतं. त्याचा अर्ज, फॉर्म आय-१३१, अमेरिकेत असतानाच भरायचा असतो. परमिट साधारण दोन वर्षं चालतं. तुम्ही तीन महिन्यांसाठी आला होतात, परमिट काढायचं डोक्यात तरी कसं येणार! पण परिणाम असा की मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनी तुम्हाला बसवून घ्यायला नकार देऊ शकते, मग कार्डावरची मुदत २०३१ पर्यंत का असेना.

दर्जा मात्र ३६६व्या दिवशी आपोआप संपत नाही. तो तुम्ही सोडून दिलात का, हा प्रश्न आहे आणि तो कॅलेंडर बघून ठरत नाही. बाहेर कशासाठी गेलात, कधी परतायचं ठरवलं होतं, घर, माणसं, पैसा, टॅक्स कुठे आहे, हे सगळं बघितलं जातं. म्हणूनच ‘दर सहा महिन्यांनी एकदा पाय लावून आलं की कार्ड शाबूत’ ही एडिसनच्या मंदिरापासून पुण्याच्या कट्ट्यापर्यंत फिरणारी समजूत चूक आहे. १९८८च्या ‘मॅटर ऑफ हुआंग’ या निकालातल्या बाई अधूनमधून अमेरिकेत येऊन जात होत्या, पण संसार नवऱ्याबरोबर जपानमध्ये होता. त्यांनी दर्जा सोडून दिला असंच अपील मंडळाने ठरवलं.

या चष्म्यातून तुमचे पंधरा महिने बघितले की त्यांचे सरळ दोन तुकडे पडतात. जानेवारी ते ऑगस्ट हा तुकडा भक्कम आहे. लग्नाची पत्रिका, एप्रिलचं परतीचं तिकीट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ‘विमानप्रवास करू नये’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर तेही. कोणीही मान्य करील की हे तुमच्या हातात नव्हतं. दुखतं ते सप्टेंबरनंतर. तुम्ही चालत होतात, तिकीट काढलं होतं, वर्ष भरायला चार महिने शिल्लक होते आणि तुम्ही तिकीट रद्द केलंत. समोरचा अधिकारी विचारणारच, सोसायटीच्या करारासाठी पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र का नाही केलं? मला ठाऊक आहे, बिल्डरच्या माणसासमोर स्वतः उभं राहिल्याशिवाय आपल्याकडे कोणाला झोप लागत नाही. घराचा प्रश्न असतो. पण बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात खिडकीमागे बसलेल्या माणसाला ‘कार्पेट एरिया किती मिळणार’ यावरून झालेल्या सोसायटीच्या सभा समजावून सांगणं कठीण आहे.

कार्ड वाचवायचंच म्हटलं तर रस्ते दोन.

पहिला एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात डीएस-११७ हा अर्ज करायचा. त्याचे १८० डॉलर, अर्ज नाकारला तरी परत मिळत नाहीत. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतील : निघताना दर्जा होता, परतायचा इरादा होता आणि तो कायम राहिला, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने. सिद्ध करायची सगळी जबाबदारी तुमच्यावर. मंजूर झाला तर पुन्हा मेडिकल आणि व्हिसाची वेगळी फी. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही दाखवू शकाल. तिसरीत रिडेव्हलपमेंट आडवं येतं, आणि तिथेच बरेच अर्ज पडतात.

दुसरा रस्ता म्हणजे थेट न्यूअर्कचं विमान पकडून जाणं. विमान कंपनीने बसवून घेतलं तर उतरल्यावर तुम्हाला आतल्या खोलीत नेतील. अधिकारी समजूतदार निघाला तर ताकीद देऊन किंवा कागदाची अट माफ करून सोडेल, तो अधिकार त्याला आहे. नाहीतर तो आय-४०७ पुढे करेल आणि ‘इथे सही करा, म्हणजे मोकळ्या व्हाल’ म्हणेल. आय-४०७ म्हणजे मी माझा दर्जा राजीखुशीने सोडते, असं लिहून देणं. त्यावर सही करायची सक्ती कोणी करू शकत नाही. नकार दिलात तर तो प्रकरण इमिग्रेशन कोर्टात पाठवू शकतो, आणि तिथे पारडं फिरतं : तुम्ही दर्जा सोडलात हे ठोस पुराव्याने सिद्ध करायचं काम सरकारचं असतं. न्यायाधीशाचा अंतिम निर्णय होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच. एसबी-१मध्ये आणि कोर्टात हकीकत तीच, पण ओझं कोणाच्या खांद्यावर हे बदलतं. म्हणून काही वकील हाच रस्ता सुचवतात. धडधाकट चाळिशीच्या माणसाला, नोकरी-घर तिकडे असेल तर, मीही सुचवेन. पण अशा वेळी ताब्यात ठेवण्याचीही तरतूद कायद्यात आहे. सोळा तासांच्या प्रवासानंतर, नव्या खुब्यावर, काठी टेकत हे सगळं सोसायची तुमची तयारी आहे का, हे मुलाने नाही, तुम्ही ठरवायचं.

आणि समजा आत शिरलात, तरी गाडी रुळावर आली असं नाही. हाच प्रश्न पुढच्या प्रवासाला किंवा नागरिकत्वाच्या अर्जात पुन्हा निघू शकतो. वर्षाहून मोठ्या गैरहजेरीने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या सलग वास्तव्यात खंड पडला आहे. मुलाला बहुधा मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, आशा असेल. पुरेशी वर्षं तिथे नोकरी केलेली नसेल, तर ६५च्या पुढच्या कार्डधारकाला ते पैसे भरून घेता येतं, पण त्यालाही अर्जाच्या आधीची पाच वर्षं सलग तिथे राहिलेलं असावं लागतं.

म्हणून आता मला तुम्हालाच एक विचारू दे. तीन-चार महिन्यांवर करमत नाही असं तुम्ही लिहिता, आणि नव्या इमारतीतल्या घराची वाट बघता आहात हेही पत्रात दिसतंच. डीएस-११७मध्ये ‘माझं कायमचं घर अमेरिकेत आहे आणि मी तिथे राहायला परत चालले आहे’ असं तुम्ही मनापासून म्हणाल का? म्हणणार असाल तर एसबी-१ जरूर करू, कमकुवत असला तरी लढवू. नसाल, तर जे कार्ड वापरायचंच नाही त्यासाठी शपथेवर ओढूनताणून लिहिण्यात मला अर्थ दिसत नाही. शेजारी बरोबर सांगताहेत.

दार कायमचं बंद होत नाही, हे मुलालाही सांगा. आय-४०७ने तुमचं आजचं कार्ड संपतं, पुढचा हक्क संपत नाही. २१ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाचे आई-वडील ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ या वर्गात येतात. त्या वर्गाला वार्षिक कोटा नाही. भावा-बहिणीच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग इथे नसते. उद्या खरोखर तिकडे राहायला जायची वेळ आली, तर मुलगा आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, नव्याने भरू शकतो. पुन्हा फी, पुन्हा त्याच्या उत्पन्नाची हमी, पुन्हा मेडिकल, वेळही जाईल, पण रस्ता खुला आहे.

व्हिजिटर व्हिसा मात्र आपोआप मिळत नाही. आधी आय-४०७, मग बी-२चा, म्हणजे याच व्हिसाचा, अर्ज आणि मुलाखत. कायदा गृहीतच धरतो की तुम्ही तिकडे राहायला चाललात. नाही, हे तुम्ही पटवायचं. इथे एक गंमत आहे. रिडेव्हलपमेंटचा जो करार एसबी-१मध्ये तुमच्या विरुद्ध जात होता, तोच इथे तुमच्या बाजूने उभा राहतो : नोंदणी केलेला करार, नव्या घराचं क्षेत्रफळ, बिल्डरकडून दरमहा येणारं भाडं, शाळेची पेन्शन. मुलाखतीत विचारलं तर सगळं सरळ सांगा. कार्ड होतं, पडले, घर सोडवत नाही, म्हणून परत केलं. नियमाप्रमाणे कार्ड परत केलेल्या माणसाची ही गोष्ट पटण्यासारखी असते. व्हिसा मिळाला की प्रत्येक वेळी आत जाताना साधारण सहा महिन्यांपर्यंतची मुदत देतात. ‘दिलीच आहे तर राहा’ असा मुलाचा आग्रह झाला तरी तुमचे तीन-चार महिनेच धरून चला. निघण्याआधी प्रवासाचा विमा घ्या आणि जुन्या दुखण्याबद्दलचं कलम नीट वाचा, बहुतेक पॉलिसींत खुबा त्यातच बसेल.

एक टॅक्सचं, कारण याचा कोणी विचारच करत नाही. कार्ड हातात असेपर्यंत अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी तुम्ही तिथल्या रहिवासी आहात, मुक्काम डोंबिवलीत असला तरी. पेन्शन आणि एफडीचं व्याज तिथल्या रिटर्नमध्ये दाखवलंय का? भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार नावाची वेगळी माहिती भरावी लागते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली ग्रॅच्युइटी एफडीत असेल तर तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडली असणार. राहिलं असेल तर आय-४०७ पाठवण्याआधी मुलाच्या सीएकडून मागचं सगळं नीट करून घ्या. तुमच्या कार्डाला आठ वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे दीर्घकाळच्या कार्डधारकांना दर्जा सोडताना लागू होणारे टॅक्सचे जाचक नियम तुम्हाला लागत नाहीत. तेवढं बरं झालं.

आय-४०७ला फी नाही. फॉर्म आणि मूळ कार्ड अमेरिकेतल्या ठरलेल्या पत्त्यावर टपालाने जातं. पत्ता पाठवण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघा, तो बदलत असतो. पाठवण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या आणि भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून ठेवा, पाकीट ट्रॅकिंग मिळेल अशा सेवेनेच पाठवा आणि पावती फाइलला लावा. बी-२च्या मुलाखतीला हीच फाइल घेऊन जायची आहे. सही मात्र मुलाशी एकदा नीट बोलून झाल्यावरच करा.