दुसरीकडे स्वस्त विकलं म्हणून गेम काढण्याची धमकी

प्रश्न : मी भुसावळचा. केळीच्या बागेवरचा छोटा गेम बनवून एका मोठ्या ऑनलाइन स्टोअरवर 500 रुपयांना विकतो. ते 30 टक्के कापतात. माझ्या वेबसाइटवर तोच गेम 400 ला ठेवला, तर ‘दर सारखा करा, नाहीतर गेम काढू’ असा मेल आला. त्यांना असं करता येतं का?

उत्तर : आधी सांगा, वेबसाइटवर त्या स्टोअरची अॅक्टिव्हेशन की (स्टोअरवर टाकून गेम उघडायचा कोड) विकता, की स्वतःची फाइल? अॅक्टिव्हेशन कीवरचं डाउनलोड त्यांच्या सर्व्हरवरून होतं, खर्चही त्यांचा. तेवढ्यापुरती दराची अट ते समर्थनीय ठरवू शकतात. फाइल आणि होस्टिंग तुमचं असेल, तर तुमची बाजू भक्कम. 500 मधून तुमच्या हाती 350 येतात; 400 मधून पेमेंट गेटवेचे 2 टक्के गेले तरी 392. गिऱ्हाइकाचे शंभर वाचतात, तुम्हाला बेचाळीस जास्त मिळतात. ही अट नेमकं तेच बंद करते आणि कमी कमिशनवाल्या स्टोअरलाही वर येऊ देत नाही. स्पर्धा आयोगाकडच्या तक्रारीत हे गणित असंच मांडा.

आधार स्पर्धा कायदा 2002, कलम 3(4) (स्पर्धेला मारक ठरणारे विक्रीसाखळीतले करार) आणि 4 (वर्चस्वाचा गैरवापर) यांचा. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हॉटेल बुकिंग करणाऱ्या मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड केला. हॉटेलांवर लादलेली दर-समानतेची अट त्यातला एक मुद्दा होता. तुमच्यासाठी हाच निकाल सर्वांत जवळचा. मात्र कलम 4 साठी स्टोअरचं बाजारातलं वर्चस्व दाखवावं लागतं, आणि अवघड काम तेच. प्रत्येक स्टोअरवरची तुमची महिनावार विक्री आताच काढून ठेवा.

मेलला उत्तर देऊन विचारा : ‘करारातलं कोणतं कलम?’ लेखी उत्तर येऊ द्या. कराराची आजची प्रत उतरवून घ्या, कारण ऑनलाइन करार बदलत राहतो. मूळ मेल डिलीट करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

जळगावच्या दिवाणी कोर्टात जाऊ नका, स्पर्धा कायद्याचं कलम 61 आडवं येतं; आयोगाकडचे विषय ते दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवतं. त्याच कायद्याच्या कलम 19 खाली आयोगाकडेच ‘माहिती’ (म्हणजे तक्रार) दाखल करा : व्यक्तीला फी 5,000 रुपये, मुदत 3 वर्षं, नाव गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. स्टोअर परदेशी असलं तरी परिणाम भारतात होतो, म्हणून कलम 32 लागतं. चौकशी सुरू झाल्यावर कलम 33 खाली अंतरिम आदेश मागता येतो, त्याआधी नाही. तोवर गेम निघण्याची भीती असेल, तर वेबसाइटवरचा दर 500 करा, पण तसं कळवणाऱ्या मेलमध्येच ‘निषेध नोंदवून, हक्क राखून’ हे शब्द घाला.