लंडनला आईबाबांना फिरवायचंय? मग ट्यूबपेक्षा बस बघा

प्रश्न वाचला. जूनमध्ये आठवडाभर आईबाबांना लंडन दाखवायचंय, हॉटेल पॅडिंग्टनला आहे, आईंचे गुडघे दुखतात आणि ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी मेट्रोचा, कुठला पास काढू असं विचारलंय. माझं स्पष्ट मत सांगते, पास काढूच नका आणि ट्यूब जिथे टाळता येईल तिथे टाळा. आपले लोक इथे आले की पहिला ट्यूबचा नकाशा उघडतात आणि मग आठवडाभर जमिनीखालूनच फिरतात, शहर काही दिसत नाही आणि वयस्कर माणसं जिने चढून चढून थकून जातात. ट्यूबच्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं. शिवाय जूनमध्ये उकाडा असला तर सेंट्रल आणि बेकरलू लाइनमध्ये जीव नकोसा होतो, तिथे एसी नाही.

आधी पैशांचं बघू. तुमचं रोजचं काँटॅक्टलेस डेबिट किंवा क्रेडिट कार्डच रीडरवर टेकवलं की चालतं, फक्त निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि काँटॅक्टलेस दोन्ही चालू केलंय ना ते बघा, आपल्याकडे ते बऱ्याचदा बंद असतं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं जाता येत नाही. आणि सकाळी फोन टेकवला, संध्याकाळी तेच कार्ड पाकिटातून काढून टेकवलं असं करू नका, सिस्टिम त्यांना दोन वेगळी कार्डं धरते आणि डेली कॅप, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त किती पैसे कापायचे ती मर्यादा, दोन्ही मिळून लागू होत नाही. ही कॅप आपोआप बसते, म्हणून तर पास नको म्हणतेय. आठवड्याची कॅपही आहे पण ती सोमवार ते रविवार मोजतात, तुम्ही बुधवारी उतरलात तर तिचा फारसा उपयोग नाही. आईबाबांच्या सीनियर सिटिझन सवलतीबद्दल विचारलंय, ती नाही मिळणार, साठीच्या पुढचं ते कार्ड फक्त लंडनच्या रहिवाशांसाठी आहे.

आता बस. २०२३ मध्ये बसचं भाडं १.७५ पाउंड झालं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. रोख २०१४ पासून बंद आहे. स्टॉपवर खांबाच्या वरच्या बाजूला एक अक्षर लिहिलेलं असतं, ते नक्की बघा, कारण मोठ्या चौकात एकाच नावाचे चार-पाच स्टॉप असतात आणि प्रवासाचं ॲप तुम्हाला त्या अक्षराचाच स्टॉप सांगतं. बस दिसली की हात दाखवायचा, पुढच्या दारातून चढायचं, पिवळ्या रीडरवर कार्ड टेकवायचं, उतरताना टेकवायचं नाही. बसचा तळ खालीच असतो, त्यामुळे आईंना चढायला त्रास नाही. त्यांना खालीच बसवा, पुढच्या बाजूला वयस्करांसाठी राखीव सीट असतात, डबलडेकरचा जिना चालत्या बसमध्ये गुडघेदुखीवाल्यांनी चढू नये. बाबांना वर पुढच्या काचेजवळ पाठवा, खूश होतील.

ट्राफल्गर स्क्वेअरहून १५ नंबर घेतलीत तर फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत थेट टॉवर ऑफ लंडनपाशी सोडते. आणि आंबेडकर स्मारक बघायचंय म्हणालात ना, १० किंग हेन्रीज रोड, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म. ट्यूबने गेलात तर लाइन बदला, नॉर्दर्न लाइनची बरोबर शाखा पकडा (एजवेअरकडे जाणारीच हवी, हाय बार्नेटची नको), त्यापेक्षा पॅडिंग्टनहून २७ नंबर बस पकडा, बेकर स्ट्रीट, कॅम्डन करत चॉक फार्मपर्यंत जाते, कुठेही जिना नाही. तिथून थोडं चालावं लागेल. फक्त संध्याकाळी चार ते सातच्या गर्दीत बस धरू नका, ट्रॅफिकमध्ये हलत नाही.

बस नको अशा दोन जागा आहेत. हीथ्रोहून पॅडिंग्टनला यायला एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घ्या, थेट येते, एसी आहे, लाइनच्या सगळ्या ४१ स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं. ट्यूबच्या पिकॅडिली लाइनपेक्षा भाडं दुपटीहून जास्त पडतं, पण पिकॅडिली पॅडिंग्टनला जातच नाही, बॅगा आणि आईंना घेऊन गाडी बदलण्यात अर्थ नाही. ग्रिनिचला जाताना तीच लाइन कॅनरी व्हार्फपर्यंत आणि पुढे डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे. डीएलआरला ड्रायव्हर नसतो, पुढच्या काचेसमोर सीट मिळाली तर बघायला मजा येते, पण बऱ्याच स्टेशनांवर गेट नाहीत, रीडर आपणच शोधून चढताना आणि उतरल्यावर टेकवायचं, विसरलात तर कमाल भाडं कापलं जातं.

आणखी एक, तो ट्यूबचा नकाशा. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढलेल्या आणि १९३३ मध्ये छापलेल्या आराखड्यावरच आजचा नकाशा आहे आणि त्यात अंतरं खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डनमध्ये जेमतेम तीनशे मीटरही नाहीत, पण लोक लिफ्टच्या रांगेत उभं राहून ट्यूबने जातात. कोव्हेंट गार्डनचा जिना १९३ पायऱ्यांचा आहे, तिथे तर आईंना अजिबात नेऊ नका, चालत पाच मिनिटांत पोचता. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, डॉलिस हिल भागात, जायचं असेल तर तारीख कळवा, तिथे जायचा सोपा रस्ता त्या दिवशीच्या गाड्या बघून सांगते, शनिवार-रविवारी लाइनींची कामं चालतात.