कायदा-सल्ला : हुंडाबळीतली दोन 'सात वर्षं'

प्रश्न : पुतणीच्या लग्नाला साडेसहा वर्षं झाली होती. सासरी भाजून ती गेली. सासरचे म्हणतात, गॅसचा भडका उडाला. घर बांधायला माहेरून पाच लाख आण, असा तगादा चालू होता. लोक म्हणतात, हुंडा लग्नात ठरतो. नंतर मागितलेले पैसे त्यात धरत नाहीत. खरं का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. लग्नाच्या संबंधात आधी, लग्नात किंवा नंतर केव्हाही मागितलेलं ते सगळं हुंड्यात येतं. घरबांधणीसाठी मागितलेले पैसेसुद्धा हुंडाच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

लग्नापासून सात वर्षांच्या आत असा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या 'थोडं आधी' नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी हुंड्यासाठी छळ केला, हे सरकारी पक्षानं दाखवलं, की भारतीय न्याय संहितेचं कलम ८० लागतं (१ जुलै २०२४ पूर्वीच्या मृत्यूला जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०४-ब). मग साक्ष अधिनियमाच्या कलम ११८ प्रमाणे न्यायालय हुंडाबळी गृहीत धरतं आणि ते खोडण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

खटले ढासळतात ते याच 'थोडं आधी'वर. त्याला ठरावीक दिवसांची मर्यादा नाही. छळ आणि मृत्यू यांचा दुवा जिवंत हवा. तीन वर्षांपूर्वीचं भांडण आणि मधे सगळं शांत, एवढ्यावर भागत नाही. म्हणून जबाबात कुणी, कधी, किती, कुणासमोर मागितले ते लिहा. व्हॉट्सअॅपचे निरोप, बँकेतून पाठवलेले पैसे, दागिने गहाण ठेवल्याची पावती पोलिसांकडे द्या. चुलत दीर, लग्न होऊन गेलेली नणंद, अशी सगळ्यांची नावं एका ओळीत कोंबली की खऱ्या आरोपीलाच संशयाचा फायदा मिळतो. लग्नाची तारीख दाखवायला पत्रिका किंवा नोंदणी दाखला लागेल. अशा मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची असते. पोलिसांच्या पंचनाम्यावर थांबू नका.

सात वर्षं उलटली असती तरी आरोपी मोकळे सुटले नसते: छळासाठी कलम ८५, आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल १०८ आणि खुनाचा पुरावा असेल तर १०३ आहेच.

प्रश्न : आरोपीला सातच वर्षं झाली. शिक्षा वाढवून मागता येते का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ही दुसरी सात वर्षं. कलम ८० ची किमान शिक्षा तेवढी, कमाल जन्मठेप. फाशी या कलमात नाही. जन्मठेप हे कलम सरसकट देत नाही. १९९४ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती दहा वर्षांवर आणली होती.

मृत मुलीच्या वारसांना निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवल्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येतं; फक्त शिक्षा कमी म्हणून नाही. ते अपील सरकारनं करायचं असतं. निकालाची प्रत घेऊन जिल्हा सरकारी वकिलांकडे लगेच लेखी अर्ज द्या. मुदत चालू झालेली असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरातच सुरू आहे, मुंबईला खेपा नकोत.

प्रश्न : लेकीच्या अंगावरचं सोनं सासरीच आहे. ते कुणाचं?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला असेल तर हुंड्यातली मालमत्ता तिच्या मुलांची, मुलं नसतील तर आईवडिलांची. हुंडा प्रतिबंधक कायद्याचं कलम ६ तसं सांगतं. नवऱ्याचा हक्क नाही. फिर्यादीतच वजनासकट यादी आणि सराफाच्या पावत्या जोडा.