भावाची दारू सोडवायची आहे, खासगी केंद्र महिन्याचे पैसे आगाऊ मागतंय. मुंबईत स्वस्तात उपचार होतील का?

होतील. खासगीत पैसे भरण्याआधी केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत त्याला दाखवा. पालिकेची रुग्णालयं असल्याने केसपेपरच्या किरकोळ पैशांत सुरुवात होते. औषधं बाहेरून आणायला सांगितली आणि परवडत नसतील, तर रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर इतर केंद्रांचीही माहिती मिळते. मेडिक्लेमवर मात्र विसंबू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे विकार येतात, तरी बऱ्याच पॉलिसींत ‘एक्सक्लुजन १२’ खाली हाच खर्च वगळलेला असतो. ती ओळ आधी शोधा. आणि पैसे जमेपर्यंत घरच्या घरी त्याची दारू एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याला फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं.