डोळ्याच्या खोबणीतला गोळा शरीर 'रिजेक्ट' करतं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या बाबांचं वय 63. उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने आधीच गेली होती पण दुखणं सहन होईना म्हणून पाच महिन्यांपूर्वी डोळा काढला, आत गोळा बसवलाय आणि वरून कृत्रिम डोळा. आता रोज सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. शेजारचे काका म्हणतात किडनीसारखं शरीर गोळा रिजेक्ट करतंय. कागदावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट लिहिलंय, ते पोवळ्यापासून करतात म्हणे? आईला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा, किडनीसारखं रिजेक्शन इथे होत नाही. बदललेल्या किडनीत दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशी असतात, त्या परक्या म्हणून शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, गोळ्यात जिवंत पेशीच नसतात. पण म्हणून शरीर गप्प बसतं असंही नाही हं. गोळा अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉनचा, गुळगुळीत असला तर त्याच्याभोवती तंतूंची पिशवी तयार होते आणि तो तिच्यात राहतो, कधी कधी जागेवरून सरकतोही. बाबांचा गोळा मात्र हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा, म्हणजे सच्छिद्र आहे. पोवळ्याचं म्हणाल तर खरंय, समुद्री पोवळ्यावर प्रक्रिया करून त्यातल्या चुन्याचं हाडासारख्या खनिजात रूपांतर करतात, अमेरिकेत 1989 मध्ये याला परवानगी मिळाली. त्याच्या भोकाभोकांतून काही महिन्यांत रक्तवाहिन्या आणि तंतू आत शिरतात, गोळा जणू शरीराचाच होतो. परक्या वस्तूला घेरणाऱ्या मोठ्या पेशी तिथेही दिसतात, थोड्या प्रमाणात ते चालतं.

खरी भीती वेगळीच आहे. हा गोळा खरखरीत असतो आणि त्याच्यावरचं पांघरूण पातळ. वरून कृत्रिम डोळा घासतो, ते पांघरूण झिजतं, भोक पडतं, गोळा उघडा पडतो आणि मग जंतू आत जातात. रक्तवाहिन्या नीट आत पोचल्या नसतील तर इन्फेक्शन आवरणं फार कठीण जातं, कधी गोळाच काढावा लागतो. छोटं भोक असेल तर कधी आपोआप भरतं, नाहीतर वरून पॅच लावतात, पण हे सगळं लवकर कळलं तरच! बाबांना शुगर असेल किंवा सिगारेट-विडी चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांना ते नक्की सांगा.

नुसता पांढरट चिकटा बऱ्याच वेळा कृत्रिम डोळ्यामुळेच असतो, त्याच्यावर अश्रूंतले थर बसतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि वरची पापणी आतून चिडते. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यायचं आणि उगाच रोज काढघाल करायची नाही, हाताळणी वाढली की चिकटाही वाढतो. पण चिकटा अचानक वाढला, रक्त दिसलं, वास आला, दुखायला लागलं, आत लालसर मांसल गोळी आली, कृत्रिम डोळा पूर्वीसारखा बसेना किंवा तो काढल्यावर आत खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून स्वतःच ड्रॉप आणून घालत बसू नका प्लीज. पाच महिन्यांत एकदाही कृत्रिम डोळा काढून आतून तपासणी झाली नसेल तर त्रास नसला तरी या आठवड्यातच करून घ्या.

आणि ताई, काचबिंदू बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना असतो, त्यामुळे डाव्या डोळ्याचं प्रेशर त्याच दिवशी तपासून घ्या आणि त्याचे ड्रॉप चालू असतील तर एक दिवसही चुकवू देऊ नका.